पाठीवरचे ओझे सरळ कसे बसते?

(सामान्य काळातील चौदावा रविवार : मत्तय ११:२५-३०)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू थकलेल्यांना आणि ओझ्याखाली दबलेल्यांना आपल्याजवळ बोलावतो, त्यांना विश्रांती देण्याचे वचन देतो आणि लगेच त्यांना आपले जू खांद्यावर घ्यायला सांगतो. ज्याला विसावा हवा आहे त्याच्या खांद्यावर जू कशाला? धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले हा प्रश्न हमखास विचारतात. मोठी माणसे विचारत नाहीत, पण त्यांच्याही मनात तो असतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आम्ही आपणाला थोडे समुद्राखाली नेणार आहोत. मालवणजवळ तारकर्लीला सहलीला गेलेल्या आपल्या तरुणांपैकी काहींनी तेथे स्कूबा डायव्हिंग केले आहे. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर काच आणि भोवती रंगीत मासे, असे त्यांचे फोटो आपण मोबाइलवर पाहिले असतील. फोटोत आपले लक्ष माशांकडे जाते. आज आपण त्या सिलिंडरच्या पट्ट्यांकडे पाहू या.

सहलीला आलेल्या माणसाला पट्ट्यांची फारशी काळजी करावी लागत नाही. तेथील प्रशिक्षित पाणबुडा त्याचे पट्टे बांधतो आणि पाण्यात मागून त्याला धरून ठेवतो. ज्याला स्वतः पाणबुड्या व्हायचे आहे त्याला मात्र हे शिकावेच लागते. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे हे साधन तयार केले. तेव्हापासून उपकरणे पुष्कळ सुधारली. पण सिलिंडर पाठीवर सरळ बसवण्याचे काम आजही पट्टे, बकले आणि हातांच्या बोटांनीच करावे लागते.

हे काम केवळ दिसण्यासाठी नाही. इटलीत जेनोआजवळ सान फ्रुत्तुओसो नावाची लहानशी खाडी आहे. इटलीत स्कूबाचे साधन वापरणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक असलेला डारिओ गोन्झात्ती १९४७ साली तेथे पाण्यात मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ १९५४ साली त्याच जागी सुमारे १७ मीटर खोलीवर प्रभू येशूचा काशाचा पुतळा उभारण्यात आला. ग्विदो गालेत्ती या शिल्पकाराने तो घडवला. दोन्ही हात वर उचललेला हा ख्रिस्त खाली येणाऱ्या पाणबुड्यांची वाट पाहत असल्यासारखा दिसतो. त्याच्याकडे जाणारा प्रत्येक जण बोटीवर आपले पट्टे पुन्हा एकदा तपासूनच पाण्यात उतरतो.

आता हे पट्टे बसतात कसे, ते पाहू. अनुभवी पाणबुडे वापरतात त्या साध्या प्रकारात पाठीवर धातूची एक सपाट प्लेट असते आणि नायलॉनचा सुमारे ५ सेंटीमीटर रुंदीचा एकच लांब पट्टा असतो. तो प्लेटच्या वरच्या खाचांतून ओवून दोन्ही खांद्यांवरून पुढे येतो, काखेखालून परत मागे जातो, प्लेटच्या खालच्या खाचांतून निघतो आणि कमरेला येऊन बकलात अडकतो. दुसरा एक लहान पट्टा प्लेटच्या खालच्या टोकापासून दोन पायांमधून पुढे येतो. तो नसेल तर पाण्यात प्लेट वर सरकते आणि सिलिंडरचे तोंड डोक्याला लागते. सिलिंडर प्लेटच्या मागे वेगळ्या पट्ट्यांनी आवळलेला असतो.

मुख्य पट्टा एकच आहे, हे लक्षात ठेवू या. तो डाव्या खांद्यावर दोन बोटे जास्त गेला की उजव्या खांद्यावर तेवढाच कमी पडतो. प्लेट कलते आणि तिच्याबरोबर सिलिंडरही कलतो. जमिनीवर हे फारसे जाणवत नाही, कारण सगळे वजन खाली ओढले जाते आणि खांदे ते निमूटपणे सहन करतात. पाण्यात गेल्यावर मात्र माणूस आडवा होतो, वजनाचा दाब निघून जातो आणि कललेला सिलिंडर त्याला एका कुशीवर वळवू लागतो. तो माणूस मग काय करतो? एक पाय जास्त जोराने मारतो, पाठ पिळून धरतो, हातांनी पाणी सारत राहतो. त्यामुळे दमतो, जास्त हवा ओढतो आणि इतरांच्या आधी त्याची हवा संपत येते. वर आल्यावर तो सांगतो की आज पाण्याला ओढ होती, किंवा पायातले पंख बरोबर नव्हते. पट्ट्याचे नाव तो घेत नाही, कारण स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाही.

नवशिका माणूस येथे एक ठरलेली गोष्ट करतो. ज्या बाजूला ओढ लागते त्या बाजूचा पट्टा तो आणखी आवळतो. मग दुसरी बाजू ढिली वाटते म्हणून तीही आवळतो. असे चार वेळा केले की छाती आवळली जाते, श्वास अपुरा पडतो आणि सिलिंडर वाकडा तो वाकडाच राहतो.

जाणकार माणूस आधी सगळे पट्टे सैल करतो. प्लेट जमिनीवर सपाट ठेवून पट्ट्याचा मध्य शोधतो आणि तो प्लेटच्या मध्यावर आणतो. ज्या पोशाखात पाण्यात उतरायचे तोच पोशाख घालतो, कारण जाड पोशाखावर बसवलेला पट्टा पातळ पोशाखावर ढिला पडतो. मग प्लेट पाठीवर घेऊन हात मानेमागे नेतो आणि प्लेटची वरची कड बोटांना लागते का, ते पाहतो. खांद्यावरच्या पट्ट्याखाली सपाट पंजा सहज सरकला पाहिजे आणि कोणाच्या मदतीशिवाय हात बाहेर काढता आला पाहिजे. कमरेचा पट्टा त्यानंतर. पायांमधला पट्टा पिळलेला नाही ना, हे बोट फिरवून पाहायचे, कारण तो पिळलेला असला तर प्लेटला एका बाजूला ओढतो. सिलिंडरचे पट्टे ओले करून मग आवळायचे. नायलॉन ओले झाले की थोडे सैल पडते आणि कोरड्या हाताने घट्ट केलेला सिलिंडर पाण्यात गेल्यावर सरकू शकतो.

काहींना वाटेल, प्रवचनात हे माप आणि बकले कशासाठी? पण संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात असाच क्रम दाखवतो. अठरा वर्षे पाठीत वाकलेली एक स्त्री शब्बाथ दिवशी सभास्थानात आली होती. तिला कसेही करून सरळ उभे राहता येत नव्हते. प्रभू येशूने तिला पाहिले, जवळ बोलावले आणि ती तिच्या विकारातून मोकळी झाली असल्याचे सांगितले. मग तिच्यावर हात ठेवले आणि ती सरळ झाली. आधी मोकळी, मग सरळ. सभास्थानाचा अधिकारी रागावला तेव्हा प्रभूने त्याला बैलाची आणि गाढवाची आठवण करून दिली. शब्बाथ दिवशीही आपण त्यांना गोठ्यातून सोडून पाण्यावर नेतोच ना? मूळ ग्रीक भाषेत बैलाचे दावे सोडण्यासाठी आणि त्या स्त्रीला मोकळे करण्यासाठी आलेली क्रियापदे एकाच धातूची आहेत. 'सरळ उभी राहा' असा आदेश प्रभूने त्या स्त्रीला दिलाच नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. अठरा वर्षांत तो आदेश तिला पुष्कळांनी दिला असेल.

आता एक बारीक गोष्ट. दोन्ही खांद्यांवरचे पट्टे फूटपट्टीने मोजून अगदी सारखे केले तरी सिलिंडर सरळ बसेलच असे नाही. बहुतेक माणसांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली असतो. कोणाची पाठ किंचित वळलेली असते. म्हणून शेवटचे माप फूटपट्टीने घ्यायचे नसते, ते ज्याच्या अंगावर पट्टा आहे त्याच्या अंगावरून घ्यायचे असते. दाविदाला हे चांगले कळले होते. गल्याथाशी लढायला निघताना शौल राजाने त्याला आपले चिलखत आणि शिरस्त्राण घातले. राजाचे चिलखत म्हणजे त्या काळचे उत्तमात उत्तम साधन, पण दाविदाला ते घालून चालता येईना. त्याने ते उतरवून ठेवले आणि ओढ्यातले पाच गोटे घेतले. राजाने प्रेमाने दिलेली वस्तूही आपल्या अंगाला बसत नाही, हे सांगायला धैर्य लागते.

शिवाय सरळ बसवलेला पट्टा कायम सरळ राहत नाही. ॲल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर रिकामा सुमारे १४ किलोचा असतो आणि त्यात भरलेल्या हवेचे वजन अडीच किलोहून थोडे अधिक असते. पाण्यात उतरताना हा सिलिंडर खाली ओढतो. पाऊण तासाने हवा संपत आली की तोच सिलिंडर वर तरंगू पाहतो. सुरुवातीला जे जमले ते शेवटी जमेलच असे नाही. म्हणून उथळ पाण्यात आडवे होऊन, हातपाय न हलवता, आपण कोणत्या कुशीवर वळतो ते पाहायचे असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग पुन्हा पाहायचे. चार पट्टे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आणि हे सारे पाहतो कोण? पाठीमागचा माणूस. पाण्यात एकट्याने उतरू नये, जोडीने उतरावे आणि उतरण्यापूर्वी एकमेकांची साधने तपासावीत, हे पाणबुड्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूसही कालच्या नवशिक्या जोडीदारापुढे पाठ करून उभा राहतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून आला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्यायनिवाडे एकटाच करणारा जावई त्याने पाहिला. देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या मोशेला जे दिसले नव्हते ते बाहेरून आलेल्या सासऱ्याला एका दिवसात दिसले. त्याने ते स्पष्ट सांगितले आणि मोशेने ऐकले.

बंधुभगिनींनो, आता समुद्रातून घरी येऊ या.

आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेले वृद्ध आईवडील असलेली घरे थोडी नाहीत. असे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. आईला पाच मुले. एक आखातात, एक कॅनडात, एक मुंबईला फ्लॅटमध्ये, मुलगी सासरी, आणि आई मधल्या मुलाकडे, म्हणजे प्रत्यक्षात मधल्या सुनेकडे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. कपडे बदलायचे, भरवायचे, औषधांच्या वेळा सांभाळायच्या. धर्मगुरू किंवा कम्युनियन देणारे सेवक आईला पवित्र कम्युनियन द्यायला घरी येतात. सून दारातून त्यांना आत घेते, मेणबत्ती लावते आणि बाजूला उभी राहते. ती स्वतः रविवारच्या मिस्सेला शेवटची कधी आली होती, हे कोणी तिला विचारत नाही.

त्या घरात कोणी दुष्ट नाही. आखातातला मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो. मुलगी सणाला येते आणि आईजवळ बसून रडते. प्रत्येकाने आपापला पट्टा धरलेला आहे आणि प्रत्येकाला वाटते की आपली बाजू घट्ट आहे. सगळे वजन मात्र एकाच खांद्यावर कललेले आहे. आणि ती सून इतकी वर्षे त्या बाजूला झुकून चालते आहे की तिला स्वतःलाही तेच सरळ वाटू लागले आहे. मग ती कोणावर तरी चिडते, भांडी आपटते, मुलांवर ओरडते आणि पापनिवेदनाला गेली तर रागीटपणाचे पाप सांगते. पाण्याला ओढ होती, असे म्हणणाऱ्या त्या पाणबुड्यासारखेच हे आहे.

आपल्या समाजात अशा बाईचे कौतुक फार होते. 'देवाने तिला सहनशक्ती दिली आहे', 'स्वर्गात तिची जागा पक्की आहे' असे आपण म्हणतो. आमचे स्पष्ट मत आहे की हे कौतुक म्हणजे आधीच आवळलेला पट्टा आणखी एक बोट आवळणे आहे. असे बोलून झाल्यावर आपल्याला काही करावे लागत नाही. क्रूस उचलणे ही ख्रिस्ती माणसाची वाट आहे यात शंका नाही. पण प्रभूच्या स्वतःच्या क्रूसालाही सिमोन कुरेनेकराने खांदा दिला होता आणि प्रभूने त्याला दूर सारले नाही.

अशा घरात काय करता येईल? भावंडांची बैठक घेऊन लगेच 'तू हे कर, मी ते करतो' असे वाटप सुरू केले तर भांडण होते, हे आपण पाहिले आहे. आधी सैल करायला हवे. त्या सुनेला आठ दिवस पूर्ण मोकळीक द्या, तिला माहेरी जाऊ द्या, झोपू द्या. त्या आठ दिवसांत इतरांना कळते की दर दोन तासांनी उठणे म्हणजे काय. मग बैठक. कोणी किती केले याचा जुना हिशेब त्या दिवशी काढू नये. प्लेट पाठीच्या कण्यावर यावी तशी आई त्या बोलण्याच्या मध्यावर यावी. तिला आता काय लागते, पुढच्या सहा महिन्यांत काय लागेल, आणि तिला बोलता येत असेल तर तिला स्वतःला काय हवे आहे, तेही विचारावे.

वाटप करताना फूटपट्टी बाजूला ठेवा. ज्याची पाठ दुखते त्याला आईला उचलता येणार नाही, पण इस्पितळाच्या रांगेत तो बसू शकतो. परदेशातला मुलगा रात्रीच्या परिचारिकेचा पगार देऊ शकतो. मुलगी दर महिन्याचे दोन शनिवार-रविवार घेऊ शकते. नातवंडांना संध्याकाळची रोझरी आजीच्या खाटेजवळ म्हणता येते, तेवढ्या वेळात सुनेला बाहेर फिरून येता येते. हे वाटे सारखे नाहीत, पण त्या घराच्या अंगाला ते बसू शकतात. महिनाभर चालवून पाहावे आणि मग एक गोष्ट बदलावी. आजार वाढला किंवा परिचारिका सोडून गेली की पुन्हा पाहावे. सिलिंडरचे वजनही बदलतच असते.

संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि पुढे तीनच ओव्यांनी म्हणतो की प्रत्येकाला आपला भार वाहावा लागेल. वाचणारा गोंधळतो. मूळ ग्रीकमध्ये तेथे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला चिरडून टाकणाऱ्या वजनाचा, दुसरा माणसाच्या स्वतःच्या वाट्याच्या गाठोड्याचा. आजच्या शुभवर्तमानात प्रभू आपले ओझे हलके असल्याचे सांगतो तेथे हाच दुसरा शब्द आला आहे. म्हणजे सुनेचे सगळे काम काढून घ्यायचे असे नाही. आईवरची तिची माया, इतक्या वर्षांचा त्या दोघींचा सहवास, हे तिचेच आहे आणि बहुधा ते कोणी काढून घेतलेले तिला चालणारही नाही.

आणि आजच्या वाचनात प्रभू आपल्या जुवाबद्दल जो शब्द वापरतो त्याचा अर्थ केवळ 'सोपे' एवढाच नाही. भले, मानवणारे, अंगाला नीट बसणारे, असाही अर्थ त्यात येतो. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन लिहितो की येशू सुतार असताना नांगर आणि जुवे तयार करीत असे. आपल्यातील वडीलधाऱ्यांना बैलजोडीचे दिवस आठवत असतील. एक बैल उंच, एक ठेंगणा असला तर जू कसे बसवायचे, शिवळ कुठे घालायची, हे जाणणारा सुतार गावात एखादाच असे. जू नीट बसले नाही तर बैलाचा खांदा सुजतो आणि मग चाबूक मारूनही तो पाऊल टाकत नाही. घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात. वर्षभर ओढलेल्या खांद्यांची तेवढी जाणीव ते शेतकरी ठेवतात. नासरेथच्या सुताराने किती बैलांच्या मानेवर हात फिरवून माप घेतले असेल! तोच आज आपल्याला आपले जू घ्यायला सांगतो आहे. वर्गातल्या मुलांना उत्तर द्यायचे तर ते येथून देता येईल.

या आठवड्यात आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहांचे प्रमुख आजारी व्यक्ती असलेल्या घरांना भेट देतील. आजाऱ्याची विचारपूस झाल्यावर ते सेवा करणाऱ्या व्यक्तीजवळही पाच मिनिटे बसतील. कृपया तिला त्या वेळी चहा करायला आत पाठवू नका. रात्री किती वेळा उठावे लागते, घराबाहेर पडून किती दिवस झाले, कोणत्या वाराला दोन तास कोणी येऊन बसले तर चालेल, हे तिने आकड्यांत सांगावे. शेजारच्या घरांतून ज्यांना असे दोन तास देता येतील त्यांनी आपले नाव आणि वार पुढच्या रविवारपर्यंत समूहप्रमुखांकडे द्यावा. पुरुषांचीही नावे हवी आहेत.